क्योटोचे उत्सव : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जपानला निघालेल्या आणि जपानातच राहणाऱ्या वाचकांनी क्योटोच्या उत्सवांबद्दल विचारलेले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. निम्म्याहून जास्त पत्रं जुलैतल्या गिओन मात्सुरीबद्दल (मात्सुरी म्हणजे उत्सव) होती, म्हणून जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

प्रश्न : मी टोक्योत आयटीत आहे, रजा मोजून मिळते. गिओन मात्सुरीची मोठी मिरवणूक 17 जुलैला असते. ती जवळच्या शनिवार-रविवारी ढकलतात का? एकच दिवस काढता आला तर कोणता काढावा? (निशी-कासाई, टोक्यो)

ढकलत नाहीत. टोक्योच्या सवयीने क्योटोचं गणित मांडलं की इथेच फसगत होते. आसाकुसाचा सांजा मात्सुरी मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारला धरून असतो. देवाच्या पालखीला खांदा द्यायला माणसं सुट्टीच्या दिवशीच मिळतात. क्योटोत तारीख पक्की, वार कुठलाही येवो : आओई मात्सुरी 15 मे, गिओनच्या दोन मिरवणुका 17 आणि 24 जुलै, डोंगरावरच्या आगी 16 ऑगस्ट, जिदाई मात्सुरी 22 ऑक्टोबर. 2027 साली 17 आणि 24 जुलै दोन्ही शनिवारी येतात, तेव्हा आत्ताच नोंद करून ठेवा. गर्दीही त्याच हिशेबाने वाढेल हे धरून चला.

एकच दिवस असेल तर 17, पण अख्खा. बहुतेक पाहुणे सकाळची रथांची मिरवणूक बघतात, जेवतात आणि दुपारच्या गाडीने परततात. म्हणजे मांडव बघितला, मूर्ती राहिली. सकाळच्या रथांचं काम रस्त्यावरची रोगराई आणि पीडा गोळा करून वाट मोकळी करणं हे आहे. देव निघतो तो संध्याकाळी. सहाच्या सुमारास, हा उत्सव ज्याचा त्या यासाका देवस्थानासमोरच्या दगडी पायऱ्यांखाली तीन मिकोशी, म्हणजे देवांच्या पालख्या, जमतात. एकेकीचं वजन दोन टनांच्या घरात. शेकडो माणसं "होइत्तो, होइत्तो" करत त्या डोक्यावर उचलून धरतात, हलवतात, आणि मग वेगवेगळ्या वाटांनी शिजो रस्त्यावरच्या ओताबिशोत, देवांच्या मुक्कामाच्या जागी, नेतात. 24 तारखेपर्यंत देव तिथेच असतात. यासाठी तिकीट लागत नाही आणि सकाळच्या मानाने गर्दीही बरीच कमी असते.

रजा मिळालीच नाही तर 16 ची संध्याकाळ. तिला योइयामा म्हणतात. रथ गल्लीगल्लीत उभे असतात, त्यांच्यावर कंदिलांच्या माळा चढलेल्या असतात. 15 आणि 16 ला संध्याकाळी 6 ते रात्री 11 शिजो आणि कारासुमा रस्ते वाहनांना बंद असतात. सूर्य सात-सव्वासातला मावळतो, कंदील खरे दिसतात ते त्यानंतर. टोक्योकडे जाणारी शेवटची नोझोमी बुलेट ट्रेन साडेनऊच्या सुमारास सुटते, म्हणून पावणेनऊला भुयारी रेल्वेची वाट धरा. गल्ल्या एकेरी केलेल्या असतात. "आलो त्याच वाटेने परत जाऊ" हे तिथे चालत नाही. स्टेशन पाचशे मीटरवर असलं तरी अर्धा तास हाताशी ठेवा.

गर्दीचा कंटाळा असेल तर 21 ते 23 च्या संध्याकाळी आणि 24 ची सकाळ निवडा. ही उत्तर-मिरवणूक, म्हणजे नंतरची, अतो मात्सुरी. 17 च्या 23 रथांऐवजी 11 रथ, खाण्याच्या टपऱ्या नाहीत, संध्याकाळी रस्ते बंद नाहीत, आणि बासरी ऐकू येते. वेळ टळून गेल्यावर जपानी माणूस "अतो नो मात्सुरी" म्हणतो, आपल्या "वरातीमागून घोडं"सारखं. हा वाक्प्रचार इथूनच आला असं क्योटोत सांगतात. मुख्य थाट 17 चा, 24 ला आलेल्याच्या हाती उरलंसुरलं, असा त्यातला टोमणा. आमच्या मते टोमणा चुकीचा आहे.

प्रश्न : जपानात आपल्यासारखं पंचांग नाही का? तिथी नसताना सण कसे ठरतात? (चिपळूण)

होतं. 1872 अखेरपर्यंत जपानातही चांद्र महिनेच होते. 1873 पासून सरकारने इंग्रजी तारखा लागू केल्या आणि प्रत्येक सणाला नवी जागा शोधावी लागली. गिओनच्या मिरवणुका सहाव्या महिन्याच्या 7 आणि 14 ला होत. 1877 पासून त्या 17 आणि 24 जुलैला बसवल्या. पितरांचा ओबोन सातव्या महिन्याच्या पौर्णिमेचा. क्योटोसह बऱ्याच भागांत तो सरळ एक महिना पुढे, ऑगस्टच्या मध्यावर नेला. परिणाम असा, की 16 ऑगस्टची आग पूर्वी पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री, भरल्या चंद्राखाली पेटे. आता त्या रात्री चंद्र कसा असेल ते त्या वर्षावर.

प्रश्न : मिरवणूक कुठे उभं राहून बघावी? "रथ वळवणं" म्हणजे काय, ज्यासाठी लोक पहाटेपासून जागा धरतात? (ठाणे)

17 ची वाट अशी : सकाळी 9 ला शिजो-कारासुमा, तिथून पूर्वेला शिजो-कावारामाची, मग उत्तरेला कावारामाची-ओइके, मग पश्चिमेला ओइके-शिनमाची. तीन कोपरे, तीन वळणं. पहिला रथ पहिल्या कोपऱ्यावर साडेनऊच्या पुढेमागे येतो, दुसऱ्यावर साडेदहाच्या आसपास, तिसऱ्यावर त्याच्याही तासाभराने.

या रथांना सुकाणू नाही. जवळजवळ दोन मीटर व्यासाची चार लाकडी चाकं, आस पक्का, वजन साधारण 12 टन, आणि शेंड्यापर्यंतची उंची 25 मीटर. असा रथ सरळच जाऊ शकतो. किंचित दिशा बदलायची तर चाकमंडळी चाकाखाली लाकडी पाचर सारतात. जळगावच्या रामरथाला मोगरी लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. पण काटकोनात वळायचं तर पाचरीने भागत नाही. मग करतात ते त्सुजी-मावाशी.

रथ चौकात थांबतो. उभी चिरलेली हिरव्या बांबूची कांबटं पुढच्या चाकांपुढे शेजारी शेजारी अंथरतात आणि रथ त्यांच्यावर ओढून घेतात. कांबटांवर बादल्यांनी पाणी ओततात. पुढचे दोन जाडजूड दोर सोडून बाजूला, ज्या दिशेला वळायचं तिकडे फिरवतात. रथाच्या तोंडाशी पंखे घेऊन उभे असलेले हाकारे एरवी दोन असतात, वळणावर चार होतात. ते "योइ योइ योइ तो से" अशी आरोळी देऊन हातातला पंखा पुढे झटकतात आणि चाळीस-पन्नास माणसं एका दमात हिसका मारतात. ओल्या बांबूवरून चाकं आडवी घसरतात, मागची बाजू खुंट्यासारखी राहते, आणि रथ करकरत तीसेक अंशांनी फिरतो. वरचा शेंडा मात्र मागे राहून मग झोका खातो. तेव्हा रस्त्यावर एकदम शांतता असते. पुन्हा कांबटं लावा, पुन्हा पाणी, पुन्हा हिसका. तीन-चार हिसक्यांत काटकोन पुरा झाला की टाळ्या.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पाणी कमी पडलं किंवा उन्हाने बांबू सुकला तर चाक घसरत नाही, नुसतं दाबून बसतं. हिसका एकसाथ लागला नाही तर एक चाक कांबटांवरून उतरून डांबर पकडतं. मग ते आधी परत वर घ्यावं लागतं आणि मागचे सगळे रथ खोळंबतात. म्हणूनच हाकाऱ्यांकडे बघा, रथाकडे नंतर.

शिजो-कावारामाचीचा कोपरा सगळ्यांत नामी, आणि म्हणूनच सातच्या आत उभं राहिल्याशिवाय पुढची रांग मिळत नाही. कावारामाची रस्ता दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे सकाळी पूर्वेच्या फुटपाथवर इमारतींची सावली असते. पश्चिमेला उभे राहिलात तर तीन तास ऊन तोंडावर. ओइके रस्त्यावर महापालिकेसमोर पैसे देऊन खुर्च्या मिळतात, विक्री जूनमध्ये. तिथे छप्पर नाही आणि मागच्याला दिसत नाही म्हणून छत्री उघडायची नसते, तेव्हा रुंद काठाची टोपी हवीच. एक जागा फुकट आणि आमच्या आवडीची : मिरवणूक संपल्यावरची शिनमाची गल्ली. रथ इथून आपापल्या घरी परततात. गल्ली इतकी अरुंद की छपरावर बसलेली माणसं घरांची वळचण पायाने ढकलून अंतर राखतात. गालिच्याचे धागे मोजता येतील इतक्या जवळून रथ जातो.

पाऊस आला तरी मिरवणूक निघते. फक्त पडदे-गालिच्यांवर पारदर्शक प्लास्टिक चढतं आणि फोटो खराब येतात.

प्रश्न : हे रथ एकही खिळा न वापरता उभे करतात असं वाचलं. इतकी उंच गोष्ट नुसत्या दोरीवर टिकते कशी? (सिव्हिल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

आधी प्रकार समजून घ्या. "होको" म्हणजे मोठे, चाकांचे, वर भाल्यासारखा खांब असलेले. "यामा" म्हणजे डोंगर : लहान, वर पाइनचं झाड आणि एखाद्या कथेतल्या आकृत्या, हे पूर्वी खांद्यावर नेत, आता बहुतेकांना लहान चाकं आहेत. दोन्ही मिरवणुकांचे मिळून 34. तुमचा प्रश्न होकोबद्दल आहे.

सांगाडा आयताकृती, खालचा भाग मुद्दाम जड. सगळ्यांत खाली इशिमोची नावाचे भरभक्कम लाकडी वासे असतात आणि गुरुत्वमध्य तेच खाली ओढून धरतात. खांब उंच दिसतो, पण वजनाच्या मानाने तो काडीच. त्यामुळे शेंडा हलला तरी बूड हलत नाही.

सांध्यांमध्ये खाच-कुसू असतातच, वरून भाताच्या पेंढ्याची दोरी वेढ्यांवर वेढे घेऊन आवळतात. याला नावागारामी म्हणतात. खिळा का नाही? 12 टनांचा सांगाडा लाकडी चाकांवर, कुठलीही स्प्रिंग नसताना रस्त्यावरून जातो. प्रत्येक धक्क्याला सांधा थोडा सरकू पाहतो. खिळ्याने जखडला तर खिळा वाकेल नाहीतर लाकूड फाटेल. दोरी मात्र जराशी ताणून पुन्हा जागेवर येते. शिवाय तेच वासे दरवर्षी वापरायचे आहेत. खिळ्याची भोकं दरवर्षी पडली तर लाकूड किती वर्षं पुरेल?

हे काम बघायला मिळतं, आणि फुकट. मोठे होको 10 जुलैपासून भर रस्त्यात उभारायला लागतात. सांगाडा बांधून झाला की तो आडवा पाडतात, वीस मीटरचा खांब त्यात खोवतात, आणि दोरांनी सगळं एकत्र उभं करतात. सांगाड्याची मंडळी वेगळी, छपराचे सुतार वेगळे, चाकांचे वेगळे. एकमेकांच्या कामात हात घालत नाहीत. 12 जुलैला दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान नागिनाता, त्सुकी, किकुसुई वगैरे रथ थोडं अंतर ओढून बघतात. यात दोराला कोणीही हात लावू शकतं. बायका, मुलं, पाहुणे, सगळे. 17 ला ते शक्य नसतं. उत्तर-मिरवणुकीच्या मोठ्या रथांची अशी ओढ 20 जुलैला दुपारी तीनच्या सुमारास.

मिरवणूक परतली की त्याच दिवशी रथ उतरवायला घेतात. रस्त्यावरची पीडा त्यांनी अंगावर घेतली आहे, ती उभी ठेवायची नाही, हा त्यामागचा समज. संध्याकाळी उशिरा गेलात तर नुसते वासे दिसतील.

प्रश्न : भाच्याने क्योटोहून "चिमाकी" आणलं. बांबूच्या पानांची जुडी आहे. उकडायची की तशीच खायची? (मडगाव)

दोन्ही नको. दाराला बांधा.

चूक भाच्याची नाही. जपानात खायचं चिमाकीही असतं : पानात गुंडाळून उकडलेलं तांदळाच्या पिठाचं, तुमच्या पातोळ्यांच्या जातकुळीचं. गिओनचं चिमाकी मात्र ताईत आहे; आत खायला काही नसतं. बरोबरच्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं : "आम्ही सोमिन शोराईचे वंशज." कथा अशी, की वाटसरूच्या वेशात आलेल्या देवाला श्रीमंत भावाने घरात घेतलं नाही, गरीब सोमिनने मात्र ज्वारी-बाजरीच्या जातीचं जे भरड धान्य होतं ते रांधून वाढलं. देवाने सांगितलं, साथ आली की गवताचं कडं बांधा, तुमच्या घरात ती शिरणार नाही. म्हणून चिमाकी घराबाहेर, दाराच्या वर, वर्षभर. पुढच्या जुलैत जुनं परत करून नवं घेतात.

विकत घ्यायचं तर योइयामाच्या दिवसांत ज्या त्या रथापाशी, साधारण 1,000 येन किंवा थोडं जास्त. प्रत्येक रथाची ख्याती निराळी : सुखरूप बाळंतपणासाठी उरादे-यामा, जुळणाऱ्या सोयरिकीसाठी होशो-यामा, यशासाठी कोइ-यामा. नागिनाता रथाचं सगळ्यांत आधी संपतं, ते हवं तर पहिल्याच दिवशी रांग लावा. लहान मुलं बरोबर असतील तर तोरो-यामापाशी थांबा. तिथे लाकडी खंडोबाचा किडा (प्रार्थना कीटक, मँटिस) कळसूत्राने पंख हलवतो आणि भविष्याची चिठ्ठीही काढून देतो.

प्रश्न : गिओन उत्सवाचा भारताशी संबंध आहे असं ऐकलं. खरं की ओढूनताणून? (नागपूर)

खरं. आणि तो नावातच आहे. गिओन हे जेतवनाच्या चिनी-जपानी नावाचं छोटं रूप. श्रावस्तीजवळचा विहार, जिथे बुद्धाने अनेक वर्षावास केले. त्या विहाराचा रक्षक मानलेला बैलमुंडका देव गोझू तेन्नो याची क्योटोत पूजा होई आणि तो साथीच्या रोगांवर हुकमत असलेला म्हणून. 869 साली साथ पसरली तेव्हा राजधानीत 66 भाले उभारून त्याची प्रार्थना केली. देशाचे प्रांत तेव्हा तितके होते. उत्सवाची सुरुवात इथे धरतात. 1868 मध्ये सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे केले तेव्हा देवस्थानाचं "गिओन" नाव जाऊन "यासाका" झालं, आणि देवही आता सुसानोओ या शिंतो नावाने ओळखला जातो. उत्सवाच्या नावात मात्र जेतवन राहिलं.

दुसरा धागा अक्षरशः धागाच आहे. रथांना बाजूने आणि मागून जे कापड लावतात त्यात सोळाव्या शतकातली बेल्जियमची विणलेली चित्रवस्त्रं (टॅपेस्ट्री) आहेत, फारसी, चिनी वस्त्रं आहेत, हिंदुस्थानी छापील सुती कापड आहे, आणि काही गालिचे सतराव्या-अठराव्या शतकात दख्खनमध्ये विणलेले असल्याचं अभ्यासक मानतात. डच व्यापारी हा माल नागासाकीला उतरवत, क्योटोचे कापडव्यापारी तो आपल्या गल्लीच्या रथासाठी घेत. शेजारच्या गल्लीपेक्षा आपला रथ उजवा दिसला पाहिजे, हे त्यामागचं कारण. गणेश मंडळांच्या गावात हे फोड करून सांगायची गरज नाही. जुनी कापडं आता बहुतेक वेळा मंडळाच्या घरात मांडतात आणि रथावर नवी प्रतिकृती चढवतात. म्हणून अस्सल बघायचं तर योइयामाला मंडळाच्या घरात जा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. जुलैत क्योटोत काय खावं? (पुणे)

क्योटोत मिळायला अवघड नाही, ओळखायला अवघड आहे. अडचण मांसाची नसते, "दाशी"ची असते. हा पाण्यासारखा स्वच्छ दिसणारा अर्क सुकवलेल्या मासळीपासून करतात आणि तो नूडल्सच्या रश्शात, भाजीत, टोफूवरच्या सॉसमध्येही असतो. "निकु नाशी" म्हणजे मांस नको एवढंच सांगितलंत तर दाशी येणारच. "सकाना नो दाशी मो नाशी दे", माशाची दाशीही नको, असं सांगा. निश्चिंत जेवायचं तर देवळांमधलं शोजिन र्योरी. तिथे दाशी समुद्रशेवाळ आणि शिताके मशरूमची असते. आधी नाव नोंदवावं लागतं.

टपऱ्यांवर बर्फाचा गोळा आणि वाराबीमोची, म्हणजे मऊ लिबलिबीत गोड वड्या, बेधडक घ्या. कणीस भाजताना लावतात तो सोया सॉस कधी कधी दाशीचा असतो, विचारून घ्या. जूनअखेर पोचत असाल तर मिनाझुकी चुकवू नका : तांदळाच्या पिठाची पांढरी त्रिकोणी वडी, वर लाल अझुकी दाणे. 30 जूनला ती खाण्याचा रिवाज आहे. त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा.

एक गंमत. गिओनच्या काळात काही जुन्या क्योटोकरांच्या घरी काकडी वर्ज्य असते, कारण काकडीची चकती देवस्थानाच्या चिन्हासारखी दिसते. त्या चिन्हाला दात कसे लावायचे? आणि मासे खाणाऱ्यांनी "हामो" मागावा, या उत्सवाचं ते खास पक्वान्न. या मासळीत काटे इतके की कातडी न कापता दर तीन सेंटिमीटरला वीस-चोवीस चिरा द्याव्या लागतात. मुरलेला स्वयंपाकी हे करतो तो आवाज ऐकण्यासारखा असतो.

प्रश्न : बायकोला आणि मला युकाता (उन्हाळ्यातला सुती किमोनो) भाड्याने घेऊन फिरायचंय. काय जपावं? (सिंगापूर)

डावा पदर वर, उजवा आत. स्त्री असो की पुरुष, हेच. उलटं फक्त प्रेताला नेसवतात आणि रस्त्यावरच्या आजीबाई तुम्हाला थांबवून दुरुस्त करतील. आरशात बघून नेसताना गोंधळ होतो, म्हणून सोपी खूण : उजवा हात सहज गळ्यापाशी आत सरकला पाहिजे. पुरुषांचा पट्टा पोटाखाली, मागच्या बाजूला किंचित वर. पोटावर बांधला की शाळकरी पोर दिसतं.

दुकानं बहुधा संध्याकाळी सहाच्या आसपास कपडे परत मागतात, म्हणजे कंदील लागायच्या आत. दुसऱ्या दिवशी परत चालेल का, ते नोंदणी करतानाच विचारा. गेता, म्हणजे लाकडी चपला, नवे असले तर अंगठ्याच्या बेचक्यात तासाभरात फोड येतो. तिथे आधीच पट्टी चिकटवा. तापमान 35 च्या पुढे जातं आणि दमटपणा मुंबईसारखा, तेव्हा आत घाम टिपणारा सुती बनियन हवा.

प्रश्न : 16 ऑगस्टला डोंगरावर अक्षरं पेटवतात, ती पाचही एका जागेवरून दिसतात का? (नाशिक)

रस्त्यावरून नाही. पाच डोंगर शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत आणि मध्ये इमारती. उंच इमारतीच्या गच्चीवरून बहुतेक दिसतात, पण त्या हॉटेलांनी आधीच विकलेल्या असतात. एक नीट बघा, हा आमचा सल्ला.

क्रम असा : रात्री 8 ला पूर्वेचं "दाई", म्हणजे मोठं, हे अक्षर, 8:05 ला "म्यो" आणि "हो", दोन मिळून धर्म, 8:10 ला नावेची, म्हणजे होडीची, आकृती, 8:15 ला वायव्येला डावं "दाई", 8:20 ला पश्चिमेला तोरिई, म्हणजे देवस्थानाच्या कमानीची आकृती. प्रत्येक आग अर्धा तास टिकते, पण पहिली दहा मिनिटंच लखलखते. पूर्वेच्या "दाई"साठी कामो नदीचा पश्चिम काठ, मारुतामाची ते इमादेगावा पुलांच्या मधला भाग. सातपर्यंत पोचा. या अक्षराची आडवी रेघ 80 मीटर, डावी तिरकी 160, उजवी 120. एकूण 75 चुली. प्रत्येकीत लाल पाइनची लाकडं चौकटीसारखी रचतात, मध्ये हवा राहावी म्हणून. पाऊस असला तरी पेटवतात.

ओबोनला घरी आलेल्या पितरांना परत पाठवण्याची ही आग, म्हणून नाव ओकुरिबी. "दाईमोंजी-याकी" म्हणू नका. क्योटोकरांना ते "डोंगर भाजणं" असं ऐकू येतं आणि त्यांचा चेहरा बदलतो. दिवसा गिंकाकुजी देवळाच्या दाराशी होमाच्या लाकडांवर आपलं नाव आणि दुखणं लिहून देता येतं. संध्याकाळी ती वर जळतात. दुसऱ्या पहाटे लोक विझलेला कोळसा आणायला डोंगर चढतात. तो कागदात बांधून दाराशी टांगला की चोर आणि रोग येत नाहीत, असा समज. 16 ला मात्र डोंगराची पायवाट बंद असते.

प्रश्न : जुलै-ऑगस्ट जमणार नाही. बाकी वर्षभरात काय? (इंदूर)

15 मेचा आओई मात्सुरी : राजवाड्यातून साडेदहाला निघणारी पाचशेहून जास्त माणसांची हेइआन काळच्या (आठव्या शतकाअखेरपासून बाराव्या शतकापर्यंतच्या) पोशाखातली मिरवणूक, बैलगाडीला विस्टेरियाची फुलं. ढोल नाही, घोषणा नाही. मुलांना कंटाळा येईल हे आधीच सांगतो. शिमोगामो आणि कामिगामो देवस्थानांच्या मधल्या कामो काठाने ती जाते. तिथे बसलात तर पैसे लागत नाहीत.

22 ऑक्टोबरचा जिदाई मात्सुरी तुलनेने नवा, 1895 चा. क्योटो राजधानी झाल्याला 1,100 वर्षं झाली तेव्हा सुरू केलेला. साधारण दोन हजार माणसं, एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळापासून मागे मागे आठव्या शतकापर्यंतचे पोशाख. इतिहास माहीत नसेल तर कापडांची रांग वाटेल, तेव्हा क्रम वाचून जा. त्याच संध्याकाळी उत्तरेला कुरामा गावात मशालींचा उत्सव असतो, पण एकाच छोट्या रेल्वेने जायचं-यायचं असल्यामुळे परतीच्या रांगेत दोन तास सहज जातात.

आणि 31 डिसेंबरची रात्र. यासाका देवस्थानात ओकेरा नावाच्या औषधी मुळ्या घालून पेटवलेली आग असते, वास उग्र. बांबूच्या तंतूंची दोरी विकत घ्यायची, टोक त्या आगीवर पेटवायचं आणि विझू नये म्हणून हळूहळू गोल फिरवत घरी न्यायचं. तिच्यावर नव्या वर्षाची पहिली चूल पेटवतात. हळूहळू फिरवा : जोरात फिरवली तर ठिणग्या शेजाऱ्याच्या कोटावर, थांबवली तर विझते. पेटती दोरी घेऊन बसमध्ये किंवा रेल्वेत चढता येत नाही. हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर असलं तरी आत शिरण्यापूर्वी विझवा. विझलेली दोरीही फुकट जात नाही, ती स्वयंपाकघरात टांगतात, आगीपासून राखण म्हणून.